नादकाटा वाजतो, पण अंगठ्याला कळत नाही

मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात, हा अनुभव तुम्हांपैकी प्रत्येकाने घेतला असेल. उठून उभे राहावे तर पाय आपला नव्हेच असे वाटते. जमिनीवर टेकला तरी जमीन लागत नाही. दोन-चार मिनिटे पाय झाडला की सारे पूर्ववत होते आणि आपण ते विसरूनही जातो. पण समजा, त्या मुंग्या गेल्याच नाहीत तर? आज आल्या, उद्याही आहेत, महिन्यानंतरही आहेत, आणि हळूहळू पायाला जमीन कळेनाशीच झाली तर?

अशी एक हकिकत मी जवळून पाहिली आहे. ती सांगतो, म्हणजे आजचा विषय आपोआपच तुमच्या ध्यानात येईल.

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत एक परिचर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका गावाहून ते रोज कामावर येत. कोणत्या कपाटात कोणते भिंग आहे, कोणत्या विद्युतमापकाचा काटा अडकतो, हे आम्हां प्राध्यापकांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असे. नादकाट्यांची पेटी तर त्यांच्या विशेष मायेची. प्रत्येक काटा पुसून, त्यावरचा आकडा वाचून, ते तो ज्याच्या त्याच्या खाचेत ठेवीत.

एकदा पावसाळ्यात मामा एकाच पायात चप्पल घालून व्हरांड्यातून चालत आले. दुसरी चप्पल फाटकाजवळच्या चिखलात राहिली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मुले हसली. मामाही हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते. कारण ती विसरभोळेपणाची गोष्ट नव्हती, ते एका आजाराचे लक्षण होते.

पुढे काही महिन्यांनी मामा सांगू लागले, की रात्री तळपायांची आग होते, पोटऱ्यांत गोळे येतात, अंथरुणावर पडले की पायांना चैन म्हणून पडत नाही. उठून चार पावले चालले तरच बरे वाटते. “वात असेल, सर,” ते म्हणत. बाजारातून दुखण्यावरच्या गोळ्या आणून ते घेत राहिले. त्यांना रक्तदाबाचा विकार होता, पण त्यावरचे औषध त्यांनी मध्येच सोडले होते. मग जेवण जाईना, उचक्या लागू लागल्या, सकाळी तोंडावर सूज दिसू लागली. तेव्हा मी त्यांना कल्याणला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, रक्त व लघवी तपासायला दिली. नंतर त्यांनी टेबलाच्या खणातून एक नादकाटा काढला, तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा मामांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. “काय जाणवतंय?”

मामा काट्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हा १२८ चा आहे. वाजतोय तर खरा, पण अंगठ्याला कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. मामांची दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती.

आता तुम्ही विचाराल, मूत्रपिंडे असतात कमरेच्या वर, पाठीकडच्या बाजूला. त्यांचा आणि पायाच्या अंगठ्याचा काय संबंध? हाच प्रश्न त्या दिवशी कल्याणहून एस.टी.ने परतताना मलाही पडला होता. त्याचे उत्तर शोधताना मला आपल्या पदार्थविज्ञानाचीच पुस्तके पुन्हा उघडावी लागली.

सापळ्यांची रांग

अंगठ्याला काटा टोचला की ‘आई गं’ म्हणण्यापूर्वी त्याची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचावी लागते. ती नेणाऱ्या धाग्यांना मज्जातंतू म्हणतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकेक तंतू सुमारे एक मीटर लांब असतो, पण जाडी मात्र केसापेक्षाही कितीतरी कमी. आणि हा सगळा तंतू म्हणजे एकाच पेशीचा लांबलचक शेपटा होय.

पुष्कळांना वाटते, की मज्जातंतू म्हणजे विजेची तार. ते बरोबर नाही. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. मज्जातंतूत काय घडते ते पाहू.

तंतूच्या आत पोटॅशियमचे आयन पुष्कळ असतात आणि बाहेर फार थोडे. सोडियमचे उलट: बाहेर पुष्कळ, आत थोडे. पोटॅशियमला आवरणातून बाहेर पाझरण्याची थोडी मोकळीक असते. धनभारित पोटॅशियम बाहेर पडू लागले की आतली बाजू ऋण होते, आणि हा ऋणभारच उरलेल्या पोटॅशियमला मागे खेचून धरतो. अशा रीतीने तंतूच्या आवरणाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ७० ते ८० मिलिव्होल्टचा विभवांतर तयार राहतो. बॅटरीतल्या सेलच्या दीड व्होल्टपुढे हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु आवरणाची जाडी लक्षात घ्या. ती मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही कमी असते. भागाकार करून पाहा: प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे एक लाख व्होल्ट इतके तीव्र विद्युतक्षेत्र त्या आवरणात असते!

आता या आवरणात सोडियमसाठी असंख्य इवले दरवाजे असतात. हे दरवाजे म्हणजे चाप लावून ठेवलेले उंदरांचे सापळे समजा. एक सापळा उडाला, की थोडे सोडियम आत येते, त्यामुळे शेजारच्या भागाचा विभवांतर बदलतो आणि शेजारचा सापळा उडतो. त्याच्या धक्क्याने त्याच्या पुढचा. अशी ही लाट अंगठ्यापासून कमरेपर्यंत धावत जाते. लाट गेल्यावर प्रत्येक सापळ्याचा चाप पुन्हा ओढून लावावा लागतो, तरच पुढची वार्ता जाऊ शकते. चाप ओढण्याचे हे काम तो ७०-८० मिलिव्होल्टचा विभवांतरच करतो. हे सारे इंग्लंडच्या हॉजकिन आणि हक्स्ली यांनी समुद्रातल्या माखली जातीच्या प्राण्याच्या जाड तंतूवर प्रयोग करून १९५२ साली गणितासह मांडले. त्यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शिवाय जलद तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते. त्यामुळे लाट पावलापावलाने न जाता उड्या मारीत जाते.

करून पाहा: वार्ता किती वेगाने जाते?

१८५० च्या सुमारापर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटे, की मज्जातंतूतील वार्तेचा वेग मोजणे माणसाला कधीच जमणार नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला. तो सेकंदाला सुमारे २५ ते ३० मीटर भरला. आपल्या वर्गात तुम्हीसुद्धा हा वेग मोजू शकाल. लागतील फक्त ३० विद्यार्थी व सेकंद मोजणारे घड्याळ.

सर्वांनी एका रांगेत बसावे व डोळे मिटावेत. प्रत्येकाने आपल्या पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवावा. गुरुजींनी ‘सुरू’ म्हणताच मागच्या टोकाच्या मुलाने पुढच्याचा खांदा दाबावा. खांदा दाबला गेल्याचे कळताच त्याने त्याच्या पुढच्याचा दाबावा. शेवटच्याने ‘झाले’ म्हणून ओरडावे. वेळ टिपून घ्या. वेळ स्थिर होईपर्यंत हे आठ-दहा वेळा करा. मग खांद्याऐवजी पुढच्याचा घोटा धरा आणि तोच प्रयोग तितक्याच वेळा करा.

समजा, खांद्याच्या वेळी सरासरी ७.५ सेकंद लागले आणि घोट्याच्या वेळी ८.२ सेकंद. ०.७ सेकंदांचा हा फरक कशामुळे पडला? विचार करायला, हात हलवायला लागणारा वेळ दोन्ही वेळी सारखाच. फरक एवढाच, की घोट्यापासूनची वार्ता प्रत्येकाच्या शरीरात सुमारे १.१ मीटर जास्त अंतर चालून आली. ३० जणांचे मिळून ३३ मीटर. ३३ भागिले ०.७ म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ मीटर. निरोगी माणसाच्या मोठ्या तंतूंचा वेग साधारण ४० ते ६० मीटरच्या दरम्यान असतो. म्हणजे नाशिक रस्त्यावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या दुपटीहून अधिक!

रुग्णालयात हाच वेग यंत्राने मोजतात. कातडीवरून तंतूला विजेचा सौम्य झटका द्यायचा, ठराविक अंतरावर लाट केव्हा पोहोचली ते टिपायचे, आणि अंतराला वेळेने भागायचे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांमध्ये हा वेग कमी भरतो, आणि लाटेची उंचीही घटते. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची अशी तपासणी केली, तर निम्म्याहून अधिक जणांत थोडाफार दोष आढळतो. पुष्कळांना स्वतःला तो जाणवतही नसतो.

दोन मुठींएवढ्या गाळण्या

शहापूर तालुक्यातल्या मुलांना पाण्याची गाळणी काय ते वेगळे सांगायला नको. तानसा आणि भातसा या तुमच्या तालुक्यातल्या धरणांचे पाणी गाळून, शुद्ध करून मुंबईच्या घराघरांत पोहोचते. तसेच काम शरीरात मूत्रपिंडे करतात. प्रत्येक मूत्रपिंड साधारण मुठीएवढे, वजन सुमारे १५० ग्रॅम. त्यात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी पाचवा हिस्सा केवळ या दोन मुठींकडे जातो. दिवसभरात १८० लिटर पाणी त्या रक्तातून गाळले जाते आणि त्यातले बहुतेक सर्व परत रक्तात शोषले जाते. लघवीवाटे बाहेर पडते ते फक्त दीड लिटर, आणि त्याबरोबर युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम, आम्ल व इतर शेकडो टाकाऊ पदार्थ.

निसर्गाने या गाळण्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त दिल्या आहेत. एक मूत्रपिंड दान करणारा माणूसही धडधाकट राहतो. हे वरदान खरे, पण त्यात एक धोका आहे. निम्म्याहून अधिक गाळण्या नष्ट होईपर्यंत माणसाला काहीच कळत नाही! मधुमेह व रक्तदाब ही गाळण्या नष्ट होण्याची सर्वांत मोठी कारणे. जुना मूतखडा, दुखण्यावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे मनाने घेणे, हीही कारणे आहेत. आपल्या भातखाचरांतून काम करणाऱ्यांना घोणस चावली तरी मूत्रपिंडे एकाएकी बंद पडू शकतात, आणि खाचराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसनेही. पण अशी एकाएकी बंद पडलेली मूत्रपिंडे वेळीच उपचार मिळाल्यास बहुधा पुन्हा सुरू होतात. हळूहळू गेलेल्या गाळण्या मात्र परत येत नाहीत.

पोटॅशियमचे गणित

आता अंगठ्याकडे परत येऊ. तुमच्यापैकी जे लॉगची कोष्टके वापरायला शिकले आहेत त्यांच्यासाठी एक छोटे गणित देतो. आतल्या व बाहेरच्या पोटॅशियमच्या गुणोत्तरावरून किती विभवांतर तयार होऊ शकतो, हे नर्न्स्ट या शास्त्रज्ञाच्या सूत्राने काढता येते. शरीराच्या तापमानाला ते असे आहे: गुणोत्तराचा लॉग काढा आणि त्याला ६१.५ ने गुणा. उत्तर मिलिव्होल्टमध्ये येते.

निरोगी माणसात आत १४० एकके, बाहेर ४. गुणोत्तर ३५. त्याचा लॉग १.५४४. उत्तर ९५ मिलिव्होल्ट.

मूत्रपिंडे पोटॅशियम बाहेर टाकीनाशी झाली आणि बाहेरचे प्रमाण ६.५ झाले, तर गुणोत्तर २१.५. लॉग १.३३३. उत्तर ८२ मिलिव्होल्ट.

प्रत्यक्ष तंतूत सोडियम वगैरे इतर आयनांचाही वाटा असल्याने आकडे थोडे कमी येतात. पण घसरण तशीच होते. म्हणजे सापळ्याचा चाप ओढणारा हातच सैल पडला! काही सापळे अर्धवटच लागतात, काही उडालेलेच राहतात. वार्ता मंद होते, क्षीण होते. कधी सापळे उगाचच उडतात आणि काही नसताना मुंग्या येतात. हे केवळ कागदावरचे गणित नाही. २००५ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या संशोधकांनी डायलिसिसच्या रुग्णांचे तंतू डायलिसिसच्या आधी व नंतर तपासले. आधी त्यांचा विभवांतर सैल पडलेला होता. डायलिसिसनंतर रक्तातील पोटॅशियम उतरताच तो बराचसा पूर्ववत झाला.

मज्जातंतूंप्रमाणेच हृदयाचे ठोकेही याच विभवांतरावर चालतात. म्हणून रक्तातील पोटॅशियम फार वाढले तर हृदय बंद पडू शकते.

कालव्याच्या टोकाचे शेत

पण मग सुरुवात पायाच्या अंगठ्यापासूनच का? पोटॅशियम तर साऱ्या शरीरातल्या तंतूंभोवती सारखेच वाढलेले असते.

याचे उत्तर कालव्यावर शेती करणाऱ्यांना चटकन समजेल. कालव्याचे पाणी कमी झाले की सर्वांत आधी कोणाचे शेत सुकते? अगदी टोकाचे. मज्जातंतूच्या पेशीचे मुख्य अंग पाठीच्या कण्याजवळ असते. तंतूला लागणारी दुरुस्तीची सामग्री तेथेच तयार होते आणि तंतूच्या आतल्या आत वाहत टोकापर्यंत जाते. त्यातली काही सामग्री दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच सरकते! टाकाऊ पदार्थांनी पेशी दुबळी झाली, की सर्वांत लांब तंतूंची टोके सर्वांत आधी उपाशी पडतात. सर्वांत लांब तंतू पायांच्या बोटांचे. म्हणून दोन्ही पायांची बोटे एकदमच बधिर होऊ लागतात; मग बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो, आणि बऱ्याच काळानंतर हातांची बोटे. मोठ्या, जाड तंतूंवर घाला आधी पडतो. आणि कंपनाची जाणीव नेणारे तंतू नेमके तेच असतात. म्हणून डॉक्टर सुई टोचण्यापूर्वी नादकाटा हाती घेतात.

अर्थात पायाला मुंग्या आल्या की मूत्रपिंड बिघडले, असे समजू नका. मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कुष्ठरोग, दारूचे व्यसन यांनीही तंतू बिघडतात. कारण कोणते ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचे.

सेलोफेनची नळी

नेमका कोणता टाकाऊ पदार्थ तंतूंना मारतो? युरियाचे नाव सर्वांत आधी पुढे येते. पण युरिया हा त्या मानाने गरीब पदार्थ आहे. खरा गुन्हेगार शोधण्याची कथा डायलिसिसच्या कथेत गुंतलेली आहे.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, हॉलंडमधील काम्पेन गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी पहिले कामचलाऊ कृत्रिम मूत्रपिंड बनवले. लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर त्यांनी सेलोफेनची लांब नळी गुंडाळली. ही नळी खाद्यपदार्थांच्या वेष्टणासाठी वापरत तीच. नळीतून रक्त खेळवायचे आणि पिंप क्षारयुक्त पाण्याच्या टबात फिरवायचे. सेलोफेनच्या सूक्ष्म छिद्रांतून युरियासारखे लहान रेणू पाण्यात उतरत; रक्तपेशी व प्रथिने आतच राहत. पहिले बहुतेक सर्व रुग्ण दगावले. कोल्फ थांबले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली आणि बरी झाली.

हे तत्त्व तुम्ही घरी पाहू शकता. भाताची पातळ पेज एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. पिशवी बाहेरून धुऊन पाण्याच्या पेल्यात सोडा व पाण्यात टिंक्चर आयोडीनचे दहा-बारा थेंब टाका. तास-दोन तासांनी पाहा. पिशवीतली पेज निळी-काळी झालेली दिसेल. बाहेरचे पाणी मात्र निळे होणार नाही. आयोडीनचा लहान रेणू आत गेला, पिठाचा प्रचंड रेणू बाहेर येऊ शकला नाही. (आयोडीन प्लॅस्टिकमध्ये विरघळून पलीकडे जाते आणि डायलिसिसच्या पडद्यात रेणू छिद्रांतून जातात, एवढा फरक ध्यानात ठेवा.)

१९६० साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी काढली, तेव्हा डायलिसिस वारंवार करणे शक्य झाले. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षे जगला. पण लवकरच एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ज्यांचे डायलिसिस अपुरे पडे, त्यांचे पाय बधिर व लुळे होऊ लागत. डायलिसिसचे तास वाढवले की ही घसरण थांबे. शिवाय पोटाच्या पडद्यातून डायलिसिस करणाऱ्या रुग्णांच्या रक्तात युरिया जास्त असूनही त्यांचे पाय मात्र बरे राहत! पोटाच्या पडद्यातून काही मध्यम आकाराचे रेणू अधिक सहज बाहेर पडतात. तेव्हा युरियाहून मोठे, पण प्रथिनांहून लहान असे ‘मध्यम रेणू’ हेच गुन्हेगार असावेत, असा तर्क पुढे आला. आजचे पडदे असे पुष्कळसे रेणू काढू शकतात. एकच एक गुन्हेगार मात्र सापडला नाही. पोटॅशियम आणि असे अनेक रेणू मिळून ही टोळी बनलेली दिसते.

तुमच्या आजोबांना जयप्रकाश नारायण यांचे नाव विचारा. १९७५ साली त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. १९७९ साली निधन होईपर्यंत ते डायलिसिसवरच जगले. त्या काळी हा उपचार मोठ्या शहरांतल्या थोड्यांनाच मिळे. आज महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून तो विनामूल्य मिळू शकतो. २०१६ साली केंद्र सरकारनेही जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला.

शहाळे आणि कमरख

मामा आजारी आहेत असे कळताच गावचे पाहुणे त्यांना भेटायला आले, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने शहाळे आणले. यापेक्षा अधिक प्रेमाची भेट कोणती? पण हिशेब करून पाहू.

एका शहाळ्यात ३०० मिलिलिटर पाणी धरले, तर त्यात सुमारे अर्धा ते पाऊण ग्रॅम पोटॅशियम असते. आणि प्रौढ माणसाच्या साऱ्या पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तात व पेशींभोवतीच्या द्रवात मिळून, एकूण पोटॅशियम किती? सव्वादोन ग्रॅमच्या आसपास! निरोगी माणूस दोन शहाळी प्याला तरी त्याची मूत्रपिंडे जादा पोटॅशियम पाहता पाहता बाहेर टाकतात. ज्याची मूत्रपिंडे बंद आहेत त्याने काय करावे? त्याच्यासाठी ते अमृत विष ठरू शकते. डॉक्टरांनी हे समजावल्यावर मामांच्या पत्नीने सारी शहाळी शेजारच्या मुलांना वाटून टाकली. पाहुण्यांना वाईट वाटले. पण नंतर त्यांनाही पटले.

तसेच कमरख. पाच धारांचे, आडवे कापले की चांदणीसारखे दिसणारे हे आंबट फळ शाळेबाहेर मीठ लावून मिळते. त्यात कॅरॅम्बॉक्सिन नावाचे एक द्रव्य असल्याचे ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली शोधून काढले. तुमची मूत्रपिंडे ते सहज बाहेर टाकतात, त्यामुळे एखादी फोड खाल्ल्याने निरोगी मुलाला काही होत नाही. पण मूत्रपिंडांच्या रुग्णात ते साचते, मेंदूतील तंतूंना अकारण उत्तेजित करते आणि न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, आकडी, प्रसंगी मृत्यूसुद्धा ओढवतो. फळ तेच, माणूस वेगळा. विष म्हणजे केवळ पदार्थ नव्हे. तो पदार्थ बाहेर टाकण्याची शरीराची ताकद किती, यावरही ते ठरते.

मामांचे पाय

मामांचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. एकेका वेळी यंत्रातून सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी जाते. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे कल्याणपर्यंतचे सुमारे ३० किलोमीटर एस.टी.ने जायचे आणि थकून परत यायचे. पहिल्या काही आठवड्यांतच उचक्या थांबल्या, जेवण जाऊ लागले, रात्रीची तगमग कमी झाली. म्हणजे पोटॅशियमने सैल पडलेले चाप पुन्हा ओढले गेले. पण मेलेली टोके? ती डायलिसिसने सहसा परत येत नाहीत. फार तर पुढची घसरण थांबते. मूत्रपिंडाचे रोपण झाले तर तंतू पुन्हा वाढू शकतात. तेही दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंतचे ४० सेंटिमीटर अंतर तोडायला किती दिवस लागतील, ते तुम्हीच काढा. मामांचे नाव आता रोपणाच्या प्रतीक्षायादीत आहे.

दरम्यान मामांची आठवीतली नात एक काम नेमाने करते. रोज संध्याकाळी आजोबा खाटेवर पाय पसरून बसतात आणि ती हातबॅटरी घेऊन त्यांचे तळवे पाहते. कारण बोरीचा काटा रुतला, वैशाखात तापलेल्या डांबराने फोड आला, चपलेने कातडे सोलले, तरी मामांना त्याची वार्ता मिळत नाही. न कळलेली जखम चिघळली, तर प्रसंगी पायच गमवावा लागतो. मागे एकदा तिने खिळ्याचा मोडका तुकडा तळव्यातून काढला. आजोबा दिवसभर त्यावर चालले होते.

जे काम एक मीटर लांबीचा मज्जातंतू करीत असे, ते आता तिचे डोळे करतात.

तुमच्या घरी कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर त्यांना वर्षातून एकदा तरी लघवी व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यायला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले तर ही तपासणी कोठे होते ते कळेल. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ देऊ नका. आणि एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या पायातून चप्पल निसटली व त्यांना ते कळले नाही, तर हसू नका. त्यांच्याजवळ जा आणि विचारा, “तुमच्या पायांना जमीन लागते ना?”